अकॅडमिक इंग्लिशचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स: लिहायचं शिकवतात भारी, बोलायचं मात्र उरकून टाकलंय

माझा रिसर्च पेपर दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा रिव्ह्यूअरने भाषा सुधारा एवढंच लिहिलेलं, म्हणून वैतागून हा कोर्स घेतला. मला वाटलं आता ग्रामरचं दळण दळणार, ए कुठे आणि द कुठे, जे मराठीत नाहीच त्यामुळे आपली तिथे कायमची बोंब. ते शिकवलं, पण दोनच दिवस.

खरा भर इंट्रोडक्शनवर. जॉन स्वेल्स या भाषातज्ज्ञाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे ना, आधी विषय महत्त्वाचा का ते सांगायचं, मग आधीच्या कामात काय राहून गेलंय ते, मग त्यात मी काय करतेय ते. ही घेऊन आपलाच ड्राफ्ट तीन रंगांत रंगवायला लावला. माझा सगळा पहिल्याच रंगात! काय राहून गेलंय ते थेट तिसऱ्या पानावर उगवलं होतं, तिथपर्यंत कोण कशाला वाचेल.

पैसे वसूल झाले ते मॅडमच्या फीडबॅकमुळे. पेपरच्या डिस्कशनच्या भागात मी ठोकून दिलेलं, 'धिस प्रूव्ह्ज दॅट...'. त्यांनी प्रूव्ह्जला गोल करून बाजूला विचारलं, सॅम्पल किती? चोवीस. एवढ्याशावर काय सिद्ध होणार! बस, त्यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही, मीच गुपचूप 'धीज रिझल्ट्स सजेस्ट' केलं. मग मी इतकी धास्तावले की पुढच्या ड्राफ्टमध्ये 'मे पॉसिबली सजेस्ट' असं दावा सौम्य करणारं तिहेरी कुंपण घातलं, त्यावर रिमार्क आला, एकच पुरे, नाहीतर वाटतं तुमचाच तुमच्या डेटावर विश्वास नाही :)

प्रेझेंटेशनचे शेवटचे दोन आठवडे मात्र निराशा. रेकॉर्डेड व्हिडिओ, आय कॉन्टॅक्ट ठेवा, हळू बोला, हे तर सगळ्यांनाच माहितीय. त्यातले दोनच व्यायाम कामाचे निघाले, स्लाइडवर नुसतं 'रिझल्ट्स' न लिहिता रिझल्ट काय आला तेच एका पूर्ण वाक्यात हेडिंग म्हणून द्यायचं. आणि स्वतःला मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं. दहा मिनिटांत मी 'सो बेसिकली' एकतीस वेळा म्हटलं, अक्षरशः रेघोट्या मारून मोजलं. पण प्रश्नोत्तरांचा लाइव्ह सराव शून्य, आणि माझी तरी तिथेच ततपप होते, पाठ केलेलं भाषण काय कोणीही म्हणेल.

अजून एक तक्रार, फीडबॅक ४८ तासांत म्हणाले होते, तिसऱ्या असाइनमेंटचा नवव्या दिवशी आला, तोवर चौथी तशाच चुका करून देऊन बसले होते मी. सपोर्टला मेल केला तर नुसता ऑटो रिप्लाय.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर स्वतःचा अर्धवट पेपर हातात असतानाच घ्या, सगळ्या असाइनमेंट त्यावरच आहेत, आणि पेपर नसेल तर ते एक नमुना पेपर देतात दुरुस्त करायला, तो माझ्या ड्राफ्टपेक्षाही कंटाळवाणा आहे.