कोल्हापूर ते तिरुपती विमानाने: आईबाबांना घेऊन जाणार असाल तर हेच करा

नकाशावर उजळाईवाडी (कोल्हापूर विमानतळ) ते रेणिगुंटा (तिरुपती विमानतळ) सरळ अंतर साधारण 655 किमी आहे, रस्त्याने तेच आठशेच्या आसपास जातं आणि हरिप्रिया एक्सप्रेसने 20-21 तास धरून चाला. आम्ही 50 सीटच्या छोट्या जेटने गेलो, सव्वा तासाच्या आसपास हवेत असतो, एटीआर असेल तर पंख्याचं विमान म्हणून अजून वीसेक मिनिटं जास्त.

सीट एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन, त्यामुळे आईला एकटी खिडकी मिळाली, शेजारी कुणी नाही, एवढी खुश होती ती! फक्त वरचा कप्पा अगदी लहान, मोठी केबिन बॅग बसतच नाही, ती चेक-इनलाच द्या.

आता खरं सांगायचं तर सव्वा तास हा नुसता आकडा आहे, चेक-इन, बॅगा, मग रेणिगुंट्याहून तिरुपती 15 किमी आणि वर घाट, म्हणजे घर ते तिरुमला अर्धा दिवस जातोच. पण गुडघेदुखीवाल्या माणसाला एवढा फरक फार मोठा असतो. वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून दर्शनाचं तिकीट काढायच्या आधी विमानाचे वार बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.