इर्कुत्स्कमध्ये एकच मोकळा दिवस: शहर पायी पाहायचं की ताल्त्सीला जायचं?

आपल्याकडून रशियाच्या सैबेरियातल्या इर्कुत्स्कला जाणारा माणूस बहुधा बैकल सरोवरासाठी निघालेला असतो. शहराच्या वाट्याला एखादाच दिवस उरतो. त्या दिवशी गाइड घेऊन शहरातली चर्च आणि लाकडी घरं पायी पाहायची, की बैकलच्या रस्त्यावर ४७ किलोमीटरवर असलेलं ताल्त्सीचं उघड्यावरचं संग्रहालय गाठायचं? लाकूड काय दोन्हीकडे दिसेलच, असं समजून निवड करू नका. दोन्हीकडचं लाकूड वेगवेगळ्या काळातलं आहे.

याचं कारण १८७९ ची आग. १६६१ मध्ये कोसॅकांच्या, म्हणजे रशियन घोडेस्वार लढवय्यांच्या, गढीपासून सुरू झालेल्या या शहराचा मधला भाग त्या आगीत बहुतेक जळून गेला. आज रस्त्यांवर जी नक्षीदार घरं दिसतात, त्यांतली बरीचशी त्यानंतरची. सतराव्या शतकातलं लाकूड पाहायचं तर ताल्त्सीशिवाय पर्याय नाही. तिथे इलिम्स्क गढीचा १६६७ चा बुरूज उभा आहे आणि शेजारी त्याच गढीतलं १६७९ चं छोटं काझान चर्च. उस्त-इलिम्स्क धरणाच्या पाण्याखाली जुनं इलिम्स्क जाणार म्हटल्यावर या वास्तू उतरवून इथे आणल्या गेल्या. आपल्याकडे धरणात गेलेली गावं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्या ओंडक्यांसमोर उभं राहिल्यावर फार काही समजावून सांगावं लागत नाही. शेतकऱ्यांची घरं, पाणचक्क्या, बैकलच्या परिसरातल्या मूळच्या बुर्यात लोकांची लाकडी युर्तं, म्हणजे त्यांची राहायची घरं, हेही तिथे आहे, आणि पलीकडे अंगारा नदी. पण ही घरं आता कुणाची नाहीत. चुलीला धूर नाही, खिडकीत कुंडी नाही.

शहरात ती कुंडी असते. खिडक्यांच्या कोरीव चौकटींना तिकडे ‘नलिच्निकी’ म्हणतात. काही घरं इतकी खचली आहेत की खिडकीची खालची कड फूटपाथला टेकते, आणि तिथेच आतल्या बाजूला जेरेनियम फुललेलं असतं. मला हे कुठल्याही संग्रहालयापेक्षा मोलाचं वाटतं, कारण ते पुढच्या वेळी असेलच असं नाही. २०११ मध्ये शहराच्या साडेतीनशेव्या वर्धापनासाठी उभारलेला ‘१३० क्वार्ताल’ हा लाकडी घरांचा भाग दिसायला देखणा आहे आणि जेवायला सोयीचा. मात्र तिथलं बरंच काम नव्याने केलेलं आहे, ते पाहून जुनं शहर पाहिलं असं समजू नये.

गाइडचे पैसे खरे वसूल होतात ते चर्चमध्ये. १७०६ मध्ये बांधायला घेतलेल्या स्पास्काया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर चित्रं आहेत. त्यांत बुर्यात लोकांचा बाप्तिस्मा दाखवला आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जवळच विटांचं टोकदार पोलिश कॅथलिक चर्च आहे. पोलंडमधून हद्दपार होऊन आलेल्यांची वस्ती इथे होती. आज त्या चर्चमध्ये ऑर्गनच्या मैफली होतात. बोगोयाव्लेन्स्की कॅथेड्रलच्या भिंतींत बसवलेल्या रंगीत फरशा नीट पाहा. सोव्हिएत काळात या वास्तूत बेकरी होती. काझान कॅथेड्रल तर १९३२ मध्ये सुरुंग लावून पाडलं, त्या जागी आता प्रांतिक सरकारची इमारत आहे. क्रेस्तोव्होज्द्विझेन्स्काया चर्चच्या बाहेरच्या नक्षीत काही अभ्यासकांना बुर्यात-बौद्ध आकृत्यांची छाया दिसते. तिथे घाई करू नका.

झ्नामेन्स्की मठाच्या आवारात एकातेरिना त्रुबेत्स्काया हिची कबर आहे. १८२५ च्या डिसेंबरमध्ये झारविरुद्ध झालेल्या उठावानंतर तिच्या नवऱ्याला सक्तमजुरी झाली, ती सरदारी सोडून त्याच्यामागे सैबेरियात आली आणि १८५४ मध्ये इथेच वारली. दोन वर्षांनी उठाव करणाऱ्यांना माफी मिळाली. त्याच उठावातल्या व्होल्कोन्स्की कुटुंबाचं लाकडी घरही पाहता येतं. ते मूळचं उरिक गावचं, तिथून उतरवून शहरात आणलेलं.

खर्चाच्या बाजूने शहर स्वस्त पडतं, गाडी लागत नाही. ताल्त्सीला येण्याजाण्यातच दोनेक तास मोडतात. रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं रशियात चालत नाहीत, तेव्हा रोख रूबल जवळ हवेत. चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकायचं आणि पुरुषांनी टोपी काढायची, म्हणून ओढणी पिशवीत असू द्या.

माझा कौल शहराला. गुडघे दुखत असतील, तर मात्र लांब चालण्यापेक्षा दोन चर्च आणि व्होल्कोन्स्कींचं घर एवढंच ठरवा. लहान मुलं बरोबर असतील तर ताल्त्सी बरं, मोकळं हिंडता येतं. आणि बैकलकाठच्या लिस्त्व्यान्काला जाणार असाल, तर ताल्त्सी त्याच रस्त्यावर आहे. ड्रायव्हरला आधीच सांगून तिथे दीड तास थांबा आणि सगळ्यात आधी इलिम्स्कचा बुरूज गाठा.