स्केचअप अडकतंय: मॉडेल साफ करायचं की मशीन बदलायचं?

ज्यांना आत्ता ठरवायचंय की आहे ते मॉडेल साफ करत बसायचं का सरळ लाखभर घालून नवीन मशीन घ्यायचं, त्यांच्यासाठी लिहितेय. मी इंटिरियरचं काम करते, दिवसाचे आठ-दहा तास स्केचअप (घराचं, फर्निचरचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) उघडंच असतं, आणि माझं दोन्ही करून झालंय, मॉडेलं पण साफ केलीत आणि मशीनवर पण पैसे घातलेत.

आधी एक टेस्ट करा. कोरी फाइल उघडा, दोन-चार डबे काढा आणि ऑर्बिट करा, म्हणजे मॉडेल चारी बाजूंनी फिरवून बघा. तिथे पण अडकत असेल तर दुखणं मशीनचं किंवा ड्रायव्हरचं आहे, मॉडेल साफ करून काही मिळणार नाही. कोरी फाइल मस्त फिरतेय आणि फक्त ती एकच प्रोजेक्ट फाइल रडतेय, तर दुखणं मॉडेलचं. मग नवीन मशीन घेतलंत तरी थोडा फरक पडेल आणि पुढच्या प्रोजेक्टला परत तेच.

मशीनची बाजू आधी घेते कारण पैसे तिथे जातात. दुकानात गेलं की जास्त कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) जास्त कोअर करत महाग प्रोसेसर गळ्यात मारतात, पण स्केचअपचं मॉडेलिंग मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. तुमच्या मशीनला आठ थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं) असतील तर एक पूर्ण भरला तरी टास्क मॅनेजरमध्ये एकूण सीपीयू बारा-तेरा टक्केच दिसतो, लोकांना वाटतं मशीन रिकामं बसलंय, पण तो एक कोअर बिचारा जीव तोडून पळत असतो. म्हणून मॉडेलिंगसाठी घेणार असाल तर कोअर किती ते नंतर बघा, एका कोअरचा स्पीड किती ते आधी विचारा. व्ही-रेमध्ये सीपीयूवर रेंडर मारत असाल, म्हणजे मॉडेलचा फोटोसारखा फायनल व्ह्यू काढत असाल, तर गोष्ट वेगळी, तिथे सगळे कोअर कामाला लागतात. एन्स्केप (मॉडेलमधून फिरत लगेच रेंडर दाखवणारं प्लगइन) वापरत असाल तर सगळा भार ग्राफिक्स कार्डवर, तिथे चांगलं कार्ड घेतल्याचे पैसे वसूल होतात.

लॅपटॉपवाल्यांनी खर्च करायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा. आत एनव्हिडियाचं कार्ड असतं आणि स्केचअप चालत असतं प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर, हे फार कॉमन आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्समध्ये जाऊन स्केचअपला हाय परफॉर्मन्स लावा, ड्रायव्हर अपडेट करा आणि काम करताना चार्जर लावून ठेवा. फुकटात होतं. सबस्क्रिप्शन असेल आणि अजून जुन्याच व्हर्जनवर असाल तर २०२४ पासून नवीन ग्राफिक्स इंजिन आलंय, ते पण आधी ट्राय करा. रॅम ८ जीबी असेल आणि सोबत ऑटोकॅड, क्रोम उघडं असेल तर रॅम वाढवाच, अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता मॉडेलची बाजू, खरी कमाई इथे आहे.

मागे आमच्या एका बंगल्याची फाइल इतकी जड झाली की माउस हलवला की दोन सेकंदांनी मॉडेल हलायचं. सगळ्यांनी फर्निचरवर संशय घेतला. मी एकेक कंपोनंट (नळ, खुर्ची असा एकत्र बांधलेला, परत परत वापरता येणारा तुकडा) उचलून कोऱ्या फाइलमध्ये टाकत गेले आणि मॉडेल इन्फोमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये नेस्टेड कंपोनंटवर टिक करून एजेसचा, म्हणजे मॉडेलमधल्या रेषांचा आकडा बघत गेले. निघाला बाथरूमचा नळ! कुणीतरी डाउनलोड करून टाकलेला, आणि तो इतका डिटेल की पाइपच्या आतले आटे सुद्धा काढलेले, कधीच कुणाला दिसणार नाहीत असे. एका नळाच्या एजेस आख्ख्या घराच्या भिंती, जिना, खिडक्या मिळून होत्या त्यापेक्षा जास्त, आणि तो चार बाथरूममध्ये बसवलेला. साधा नळ काढून त्याच्या जागी लावला आणि फाइल त्याच जुन्या मशीनवर फिरायला लागली.

इथे दोन गैरसमज सांगतेच कारण लोक यात वेळ घालवतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही. एक म्हणजे पर्ज, फाइलमधला न वापरलेला कचरा काढायची कमांड. पर्ज केल्यावर न वापरलेले कंपोनंट, मटेरियल जातात, फाइल लहान होते, सेव्ह लवकर होते, पण ऑर्बिट फारसा सुधारत नाही कारण त्या गोष्टी स्क्रीनवर नव्हत्याच. दुसरं, सगळ्याचं कंपोनंट केलं की झालं असं वाटतं. फाइलचा साइज कमी होतो हे खरं, पण शंभर कॉपी असतील तर स्क्रीनवर शंभर काढाव्याच लागतात. बाल्कनीच्या ग्रिलचंच बघा, सर्कल बाय डिफॉल्ट २४ बाजूंचं येतं म्हणजे एका बारला ७२ एजेस, ६० बारच्या ४३२०. तोच बार ६ बाजूंचा काढला तर १०८०, आणि लांबून कुणाला फरक कळत पण नाही.

टेक्स्चरचं, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या इमेजचं पण तसंच. ४०९६ बाय ४०९६ ची एक ग्रॅनाइटची इमेज मेमरीत उघडली की ६४ एमबी खाते, १०२४ ची फक्त ४ एमबी. किचन ओट्याला मोठी ठेवा, कपाटाच्या आतल्या लॅमिनेटला कशाला?

ऑटोकॅडचा प्लॅन आणताना तिथेच पर्ज आणि ओव्हरकिल (एकावर एक आलेल्या डबल रेषा काढायची कमांड) मारून, झाडं-गाड्यांचे ब्लॉक उडवून, ओरिजिनजवळ (०,० बिंदूजवळ) आणून मगच इम्पोर्ट करा. काम करताना शॅडो आणि प्रोफाइल्स (बाहेरच्या कडांच्या जाड रेषा) बंद असलेला एक वेगळा सीन (सेव्ह केलेला व्ह्यू) करून ठेवा, प्रेझेंटेशनचा सीन वेगळा. आणि दर पाच मिनिटांनीच हँग होत असेल तर बहुतेक ते ऑटोसेव्ह आहे, फाइल नेटवर्क ड्राइव्हवरून लोकल डिस्कवर आणा.

मग कुणी काय करायचं? एखादीच फाइल अडकत असेल, काम मॉडेलिंग आणि टूडी ड्रॉइंगपुरतं असेल, तर अर्धा दिवस साफसफाईला द्या, मशीनचे पैसे ठेवा. रोज एन्स्केपचे वॉकथ्रू क्लायंटला दाखवायचे असतील, किंवा साफ केलेल्या फाइल पण अडकत असतील, तर मशीन घ्याच, उगाच स्वतःचे हाल करून घेऊ नका. फक्त जाताना तुमची सगळ्यात जड फाइल, साफ केलेली, पेन ड्राइव्हवर घेऊन जा, दुकानात त्याच मशीनवर स्केचअपचं ट्रायल टाकायला लावा, शॅडो चालू करून पाच मिनिटं फिरवा आणि मगच पैसे द्या.