प्रत्येक अपॉइंटमेंटला वेगळं वेळापत्रक: काही महिन्यांच्या वापरानंतर

वेगवेगळ्या अपॉइंटमेंटना वेगवेगळ्या वेळा लावायची सोय तुमच्या बुकिंग ॲपमध्ये असेल तर ती जरूर वापरा. पण नुसते वार आणि तास भरून थांबलात, तर निम्माच फायदा पदरात पडेल. खरी गंमत त्याच्या आजूबाजूच्या बारीक सेटिंगमध्ये आहे, आणि ती वापरायला लागल्याशिवाय कळत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, प्रॅक्टिस एकटीच सांभाळते. माझ्याकडे चार प्रकारच्या अपॉइंटमेंट असतात: नव्या पेशंटची पहिली तपासणी (६० मिनिटं), फॉलोअप (३० मिनिटं), व्हिडिओ कॉलवर सल्ला (२० मिनिटं) आणि घरी जाऊन उपचार (४५ मिनिटं, जाणं-येणं वेगळं). पूर्वी या चौघांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ७ अशी एकच वेळ होती. भर दुपारी एखादी घरभेट पडली की तिच्या आधीचा आणि नंतरचा तास गेलाच. आणि नव्या पेशंटची तपासणी संध्याकाळी सहाला पडली, की ज्या कामाला सगळ्यात ताजं डोकं लागतं तेच दिवसाच्या शेवटी यायचं.

आता पहिली तपासणी फक्त सकाळी ९ ते १ मध्ये मिळते. फॉलोअप दुपारपासून संध्याकाळपर्यंत. घरभेटी आठवड्यातले दोनच दिवस, दुपारी सलग. व्हिडिओ कॉल संध्याकाळी ६ ते ७, कारण तेव्हा पेशंटही घरी पोचलेले असतात. कॅलेंडली, कॅल डॉट कॉम, मायक्रोसॉफ्ट बुकिंग्ज या सगळ्यांत हे करता येतं. कुठे त्याला ‘इव्हेंट टाइप’ म्हणतात, कुठे ‘सर्व्हिस’. पद्धत साधारण सारखीच. आधी वेळापत्रकं तयार करायची, मग कुठल्या प्रकाराला कुठलं ते जोडायचं.

इथपर्यंत सोपं आहे. मग येतो तो स्लॉट, म्हणजे पेशंटला निवडायला दिसणाऱ्या सुरुवातीच्या वेळा, किती किती मिनिटांनी दाखवायचे हा प्रश्न, आणि याच एका सेटिंगने माझी सकाळ बदलली. तपासणी ६० मिनिटांची, त्यानंतर नोंदी लिहायला आणि टेबल आवरायला १५ मिनिटांचा बफर, म्हणजे राखून ठेवलेला मोकळा वेळ. स्लॉट दर अर्ध्या तासाने दिसत असतील, तर पहिला पेशंट खुशाल ९:३० घेतो. त्याचं काम बफरसकट १०:४५ ला संपतं. पुढचा स्लॉट ११ चा, तो १२:१५ पर्यंत चालतो. मग १२:३० ला सुरू होणारी तपासणी १ च्या आत बसत नाही. सकाळभरात दोनच पेशंट झाले. तेच स्लॉट दर ७५ मिनिटांनी ठेवले की ९, १०:१५ आणि ११:३० एवढ्याच वेळा दिसतात. तिघं बसतात, आणि शेवटचा पेशंट १२:३० ला मोकळा होतो. तास तेच, काम तेच, एक पेशंट जास्त. अवधी आणि बफर यांची बेरीज करून तेच अंतर स्लॉटला द्यायचं, हा हिशोब प्रत्येक प्रकारासाठी एकदा कागदावर मांडून बघा.

घरभेटीला बफर दोन्ही बाजूंनी लागतो, आधीही आणि नंतरही. व्हिडिओ कॉलला पाच मिनिटं पुरतात. किती आधी बुक करायचं ही मर्यादाही प्रकाराप्रमाणे वेगळी हवी. व्हिडिओ कॉल दोन तास आधीपर्यंत चालतो. घरभेट मात्र किमान एक दिवस आधी ठरलेली असावी, नाहीतर सामान काय न्यायचं तेच ठरत नाही. उलट, किती पुढपर्यंतच्या तारखा दाखवायच्या ते फॉलोअपला मी सहा आठवडे ठेवलंय, कारण व्यायामाचा कार्यक्रम तेवढा चालतो आणि पेशंटला सगळ्या तारखा एकदम घ्यायच्या असतात. पहिल्या तपासणीला दोनच आठवडे. महिनाभर आधी घेतलेली पहिली तपासणी बऱ्याचदा रद्द होते. तोवर दुखणं तरी थांबलेलं असतं, नाहीतर पेशंटने दुसरीकडे दाखवलेलं असतं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. चारही प्रकार एका पानावर दिसले की नवे पेशंट प्रत्यक्ष भेटीतला सगळ्यात छोटा प्रकार, म्हणजे फॉलोअप, निवडतात. यात त्यांचा काही दोष नाही, ३० मिनिटं बघून त्यांना तेवढंच पुरेल असं वाटतं. मग ६० मिनिटांचं काम अर्ध्या तासात कोंबायचं, आणि मागचे सगळे ताटकळत. त्यामुळे फॉलोअप आता जाहीर पानावर नाहीच. त्याची वेगळी लिंक आहे, ती पहिल्या तपासणीनंतरच पाठवते. प्रकारांची नावंही पेशंटच्या भाषेत बदलली: ‘पहिल्यांदाच येताय’, ‘घरी यायला हवंय’. ‘इनिशियल असेसमेंट’ वाचून कुणाला काय कळणार?

वेळापत्रकं चार असली तरी कॅलेंडर एकच आहे, हे कायम ध्यानात ठेवावं लागतं. फॉलोअप बुक झाला की त्या वेळेचा व्हिडिओ कॉल आपोआप नाहीसा झाला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक प्रकाराने एकाच कॅलेंडरमध्ये नोंद करावी आणि तेच कॅलेंडर तपासावं. घरचं कॅलेंडर वेगळं असेल तर ॲप जी कॅलेंडरं तपासतं त्यांच्या यादीत तेही घाला. पण ते त्याच्या खात्यात साइन-इन करून जोडा. नुसत्या लिंकने सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर ताजं व्हायला कित्येक तास लागू शकतात, आणि तेवढ्यात डबल बुकिंग होऊन बसतं.

सुट्टीचंही असंच आहे. तारखेपुरता बदल वेळापत्रकावर करायचा तर तो चारही ठिकाणी करावा लागतो. म्हणून मी सुट्टी थेट कॅलेंडरमध्ये टाकते. इथे एक खाचखळगा आहे: गूगल कॅलेंडर आणि आउटलुक दोन्हींत दिवसभराची नोंद सुरुवातीला ‘फ्री’ म्हणूनच धरली जाते. कॅलेंडरच्या नोंदींचं जे सर्वमान्य स्वरूप आहे (आयकॅलेंडर, २००९ सालचं इंटरनेट मानक आरएफसी ५५४५), त्यात नोंद वेळ अडवते की नाही याचा वेगळा रकानाच आहे, आणि बुकिंग ॲप तोच वाचतं. ‘बिझी’ केलं नाही तर कॅलेंडरमध्ये सुट्टी दिसते आणि लिंकवर दिवस मोकळा दिसतो.

परदेशातून व्हिडिओ कॉल घेणारे पेशंट असतील तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जरा जपा. अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. भारतात घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे त्या तारखेपासून त्या देशाशी असलेला नेहमीचा फरक एका तासाने बदलतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे घेतली की पूर्ववत होतो. ॲप ते बरोबर सांभाळतं, फोनवर तोंडी वेळ ठरवली की घोळ होतो. मी त्या दिवसांत तोंडी वेळ देतच नाही, लिंक पाठवते.

तक्रारीही आहेत. वेळापत्रक आठवड्याच्या साच्यात बसलेलं असतं, त्यामुळे ‘एक आड एक शनिवार’ सरळ लावता येत नाही, तारखा हाताने भराव्या लागतात. प्रत्येक प्रकाराला दिवसाची मर्यादा घालता येते, पण ‘आज तीन नव्या तपासण्या झाल्या तर संध्याकाळचे फॉलोअप कमी कर’ असा प्रकारांमधला संबंध मी वापरते त्या ॲपला कळत नाही. आणि नोकरी करणाऱ्या पेशंटची अडचण खरी आहे: त्यांना सकाळची तपासणी जमतच नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ मी त्यांच्यासाठी उघडली आहे, आणि त्या दिवशी दुपारी दोन तास काही ठेवत नाही. वयस्कर पेशंट लिंक वापरत नाहीत. ते फोन करतात, मी त्यांची नोंद त्याच पानावरून करते, म्हणजे बफर आणि मर्यादा त्यांनाही लागू होतात.

काहीही बदललं की ब्राउझरच्या खासगी विंडोत आपलीच लिंक उघडून, पेशंट म्हणून पुढच्या दोन आठवड्यांच्या वेळा बघाव्यात. सेटिंगच्या पानावर सगळं ठीक वाटतं, चूक असली तर ती इथे दिसते. ज्यांच्या सगळ्या भेटी एकाच लांबीच्या आणि एकाच जागी होतात, त्यांनी या खटाटोपात पडायची गरज नाही. त्यांना एक वेळापत्रक आणि नीट लावलेला बफर भरपूर झाला.