वेबसाइटवरून चौकशा तिप्पट करून देतो म्हणाले. आमचे १,९०,९८० रुपये असे गेले

आधी आकडा. सेटअपचे ४५,०००. दरमहा २२,००० प्रमाणे तीन महिन्यांचे ६६,०००. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, १९,९८०. जाहिरातींसाठी म्हणून वेगळे ६०,०००. एकूण १,९०,९८० रुपये, सगळे बँकेतून, बिलासकट. पुण्यात नऱ्ह्यातल्या किचन ट्रॉलीच्या वर्कशॉपला एवढे पैसे सहज सुटत नाहीत. लिहायची लाज वाटते, पण गप्प बसलो तर पुढचा बकरा धायरीतलाच कुणीतरी होईल.

वेबसाइट आणि जाहिराती सांभाळणारी ही एजन्सी. बाणेरला चांगलं ऑफिस, व्यवस्थित बोलणारी माणसं. "साइटवर लोक येतात, पण चौकशी न करता जातात," हे त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. पहिल्या पानावर चार-चार एमबीचे फोटो, फोन नंबर पार तळाला, फॉर्ममध्ये अकरा रकाने. मोबाइलवर मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, हे गूगलचंच माप. आमचं पान त्याच्या जवळपासही नव्हतं. रोग खरा असला की औषध देणाऱ्यावर विश्वास बसतोच, त्यात कुणाला मूर्ख म्हणायचं कारण नाही.

मेख होती पहिल्या महिन्याच्या रिपोर्टात. साइटवर आलेली माणसं ९४०, कन्व्हर्जन, म्हणजे त्यांतून चौकशी करणारी, ३८७. म्हणजे ४१ टक्के! त्याच महिन्यात प्रत्यक्ष फोन आले सहा. ट्रॉलीसारख्या लाखभराच्या कामाला शंभरातली एक्केचाळीस माणसं चौकशी करतात, हे जगात कुठेही होत नाही. तिथेच पैसे थांबायला हवे होते. विचारलं तर उत्तर आलं, "ही मायक्रो कन्व्हर्जन्स आहेत, फोन पुढच्या टप्प्यात येतात." चौकशीआधीच्या छोट्या पावलांना हे नाव आहे. हा शब्द खोटा नाही, धंद्यात वापरतातच, म्हणून तर पटलं.

केलं काय होतं ते बघा. जीए फोरमध्ये (साइटवरची वर्दळ मोजणारं गूगल ॲनालिटिक्स) 'स्क्रोल' नावाचा इव्हेंट आपोआप नोंदला जातो, कुणी पानाच्या ९० टक्के खाली गेलं की. त्यालाच त्यांनी 'की इव्हेंट', म्हणजे कन्व्हर्जन म्हणून मोजायची गोष्ट, ठरवलं. वर पानच छोटं केलं, म्हणजे मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं की तळ आला आणि एक 'कन्व्हर्जन' पडलं. ट्रॉलीवाल्यासाठी कन्व्हर्जन तीनच: फोनचं बटण दाबलं, व्हॉट्सॲप उघडलं, फॉर्म पाठवून 'धन्यवाद'चं पान दिसलं. चौथं कुणी सांगितलं तर बिल थांबवा.

दुसऱ्या महिन्यात बोंब मारल्यावर फॉर्म येऊ लागले. ५८ आले, बहुतेक रात्री दोन ते चारच्या दरम्यान. आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो. यातले कित्येक ३ आणि ४ ने सुरू होणारे. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर शहरांचा तक्ता होता, त्यात पुण्याच्या वर ॲशबर्न. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं हे डेटा सेंटरचं गाव, तिथून नऱ्ह्यात ट्रॉली बसवायला कोण विचारणार? ही बॉटची, म्हणजे माणसं नसलेल्या प्रोग्रामांची, वर्दळ.

आणखी एक थाप म्हणजे ए/बी टेस्ट, पानाची दोन रूपं वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठलं जास्त चालतं ते बघणं. बटण हिरव्याचं केशरी केलं आणि चौकशा ५० टक्के वाढल्या म्हणे. म्हणजे चाराच्या सहा! दोन टक्क्यांचे तीन टक्के झाले हे खात्रीने सांगायचं तर प्रत्येक पर्यायाला साधारण ३,९०० माणसं लागतात. महिन्याला ९४० माणसं येणाऱ्या साइटवर त्याला आठ महिन्यांहून जास्त जातील. लहान धंद्याला ए/बी टेस्ट विकणारा सरळ पैसे काढतोय.

'आज फक्त ३ स्लॉट शिल्लक' असा खोटा टायमरही साइटवर टाकला. २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या साइटवरच्या युक्त्या) सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई दाखवायला मनाई आहे, आणि साइट आमची म्हणून जबाबदारीही आमच्यावरच.

जाहिरातींचे ६०,००० त्यांच्याच खात्यातून खर्च झाले म्हणे. ॲक्सेस कधी दिलाच नाही. जाहिरात खातं, ॲनालिटिक्स, होस्टिंग, सगळं स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि त्यांना त्यात घ्या. आमचं डोमेनही, म्हणजे साइटचा पत्ता, 'ट्रान्सफर सोपं जावं' म्हणून त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. आता सोडायला ३५,००० मागतात. देणार नाही.

जीएसटीचं तर विचारूच नका. त्यांची बिलं आमच्या टूबीमध्ये, म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिट दाखवणाऱ्या जीएसटी पोर्टलवरच्या पत्रकात, दिसलीच नाहीत. नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. म्हणजे १९,९८० चं क्रेडिटही बुडालं. पहिलं बिल हातात आलं की नंबर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि तक्रार? आमच्या हद्दीतलं पोलीस ठाणं म्हणतं ऑफिस तिकडे आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणतात ही दिवाणी बाब, वकील गाठा. सायबरवाले म्हणतात ओटीपी गेला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर म्हणे सेवा धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला कायद्यात अपवाद आहे, हे आम्हीच वाचून दाखवायचं! जीएसटीकडून फक्त पोचपावती. कर भरणाऱ्याने दारोदार फिरायचं, आणि नंबर रद्द असताना कर गोळा करणारा एसीत बसणार. खोटे फॉर्म आणि रद्द नंबरावर घेतलेला कर ही दिवाणी बाब कशी, हे एकानेही समजावून सांगितलं नाही.

ठाण्यात घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा, पुढे न्यायदंडाधिकारी आहेत. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८. रिपोर्टच्या पीडीएफ, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं, बँकेचं स्टेटमेंट जोडा. आमच्या अर्जात हे सगळं आहे. बाणेरच्या बाजूची अशीच बिलं तुमच्याकडे असतील तर नंबर पोर्टलवर टाकून बघा आणि तुमचाही अर्ज द्या. एकट्याच्या तक्रारीला ते दिवाणी म्हणतात, दहाजणांच्या तक्रारीला म्हणून दाखवावं.