पालेस्त्रिना की व्हिक्टोरिया: आधी कोण ऐकावं?

सोळाव्या शतकातलं चर्चसंगीत ऐकायचं ठरवलं की या दोन संगीतकारांची नावं हमखास समोर येतात. पालेस्त्रिना इटलीचा, व्हिक्टोरिया स्पेनमधल्या आविलाचा. पण ऐन तारुण्यात व्हिक्टोरिया रोमला आला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला.

पालेस्त्रिनाच्या नावावर शंभराहून अधिक ‘मास’, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधीत गायच्या रचना, आहेत. सहा आवाजांसाठी रचलेला, 1567 साली छापलेला ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ आधी लावा. त्यातल्या ‘क्रेदो’मध्ये, म्हणजे श्रद्धेची कबुली देणाऱ्या भागात, सगळे आवाज बऱ्याचदा एकत्रच शब्द उच्चारतात, त्यामुळे इतक्या गुंफणीतही लॅटिन स्पष्ट कानी पडतं. स्वर बहुतेक पायरीपायरीने चालतात. मोठी उडी घेतली की लगेच उलट वळून ती भरून काढतात. हे संगीत कुठेच अंगावर येत नाही.

व्हिक्टोरियाच्या रचना संख्येने कितीतरी कमी, आणि सगळ्या धार्मिकच. पण माझं मन तिथे जास्त रमतं. 1572 चं ‘ओ माग्नुम मिस्तेरियुम’ एका पंचमाने खाली उतरून सुरू होतं. एकामागून एक आवाज तीच उतरण घेतात. पुढे ‘ओ बेआता विर्गो’ (हे धन्य कुमारिके) या शब्दांपाशी चारही आवाज एकत्र येऊन संथ होतात. तिथे दर वेळी अंगावर काटा येतो. पवित्र रोमन साम्राज्याची सम्राज्ञी मारिया 1603 मध्ये वारली, तेव्हा तिच्यासाठी त्याने रचलेलं ‘ओफिचियुम देफुन्क्तोरुम’ हे मृतांसाठीच्या प्रार्थनांचं संगीत तर त्याहून गहिरं.

रचनेची बांधणी समजून घ्यायची असेल, तर पालेस्त्रिना. पण पहिल्याच दिवशी या संगीताचा लळा लागावा असं वाटत असेल, तर मी बेलाशक व्हिक्टोरिया सुचवेन.