लिक्विड इमल्शन: शिल्पाच्या अंगावर छायाचित्र उमटवण्याचं साहित्य, आणि ते कुठे दगा देतं

छायाचित्र शिल्पावर आणायचे सोपे मार्ग पुष्कळ आहेत. प्रिंट काढून चिकटवता येते, पाण्यात भिजवून सुटणारा डेकल लावता येतो, सपाट भागावर मशीनने थेट छापूनही घेता येतं. या सगळ्यांत चित्र शिल्पाच्या वर बसतं, कडेला नख घातलं की ते लगेच कळतं. लिक्विड इमल्शनचं तसं नाही. फोटोग्राफिक कागदावर कारखान्यात जो जिलेटिन आणि सिल्व्हर हॅलाइडचा (उजेडाने बदलणाऱ्या चांदीच्या संयुगाचा) थर चढवतात, तोच इथे बाटलीत मिळतो. तो ब्रशने प्लास्टरवर, दगडावर, लाकडावर किंवा काचेवर लावायचा, अंधारात वाळवायचा, एन्लार्जरने (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून टाकणाऱ्या यंत्राने) त्यावर निगेटिव्ह टाकायची आणि नेहमीसारखं डेव्हलप करायचं, म्हणजे रसायनाने दडलेलं चित्र उमटवायचं. खाली प्लास्टर दाणेदार असेल तर चित्रही दाणेदार येतं. छिन्नीचा घाव असेल तर तो सावलीतून आरपार दिसतो. दोन्ही माध्यमं मनापासून करणाऱ्या माणसाला याच्या जवळपास जाणारं दुसरं साहित्य नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यातलं सर्वांत ओळखीचं नाव रॉकलँड कोलॉइडचं ‘लिक्विड लाइट’. फोमासारखे उत्पादकही असं इमल्शन काढतात. पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं या प्रकारच्या कुठल्याही बाटलीला लागू पडतं. फरक मुख्यतः दोनच गोष्टींत जाणवतो, वेग आणि कॉन्ट्रास्ट. ‘लिक्विड लाइट’ संथ आहे आणि त्याचे टोन मवाळ येतात. त्यामुळे निगेटिव्ह कडक, म्हणजे चांगली कॉन्ट्रास्टी निवडावी. कागदावर थोडी जास्तच करकरीत वाटणारी निगेटिव्ह प्लास्टरवर बरोबर बसते.

आधी खर्चाचा अंदाज. एका हाताचा ओला थर साधारण ०.१ मिलिमीटर धरला तर एका चौरस मीटरला १०० मिलिलिटर लागतं. दोन हात म्हणजे २०० मिलिलिटर. या हिशेबाने २४० मिलिलिटरच्या बाटलीत सव्वा चौरस मीटरच्या आतबाहेर काम व्हायला हवं. प्रत्यक्षात ब्रश बरंच पितो आणि भांड्याला बरंच चिकटून राहतं, म्हणून पाऊण चौरस मीटर धरून चालावं. माणसाच्या चेहऱ्याचा खऱ्या मापाचा प्लास्टरचा नग सुमारे ७५० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे एका बाटलीत नऊ-दहा चेहरे होतात. त्यांतले पहिले दोन-तीन चाचणीत जातात, हे धरूनच खरेदी करावी.

आता खरी गोष्ट. हे काम बिघडतं ते बहुतेक वेळा डार्करूममध्ये शिरण्याआधीच. इमल्शनला नावं ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खालचा पृष्ठभाग नीट तयार केलेला नसतो.

प्लास्टर घ्या. वरून कोरडं दिसणारं प्लास्टर आत ओलं असतं. वजन करत राहायचं, सलग दोन दिवस काटा हलला नाही की ते वाळलं. घाई करून ५० अंशांच्या वर तापवलं तर प्लास्टरमधलं बांधलेलं पाणी सुटायला लागतं आणि कडा भुसभुशीत होतात. वाळल्यावर तेलावर आधारित पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात द्यायचे, मध्ये २४ तासांचं अंतर ठेवून. मागची बाजू आणि पोकळ भागाचा आतला अंगही सोडायचा नाही. नवखा माणूस हमखास चुकतो ते इथेच. समोरची बाजू सील केलेली असते, पण फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) मागून शोषला जातो. तो धुवून पूर्ण निघत नाही आणि काही महिन्यांनी कपाळावर, गालावर तपकिरी डाग उगवतात. तोवर शिल्प भिंतीवर गेलेलं असतं. व्हार्निश पक्कं वाळलं की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवायचा, चकाकी मोडण्यापुरता. गुळगुळीत व्हार्निशवर जिलेटिन धरत नाही, फिक्सरमध्ये गेल्यावर पापुद्र्यासारखं सुटतं.

काचेला निराळा उपाय. धुण्याच्या सोड्याने काच इतकी साफ करायची, की पाणी ओतल्यावर थेंब न धरता अखंड पडद्यासारखं ओघळलं पाहिजे. मग १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम जिलेटिन आणि थर घट्ट करणारा अर्धा ग्रॅम क्रोम अ‍ॅलम यांचं पातळ द्रावण लावून वाळवायचं. जिलेटिन आधी थंड पाण्यात फुगवून मग कोमट करून विरघळवायचं. क्रोम अ‍ॅलम शेवटी, द्रावण थोडं निवल्यावर घालायचं. लाकूड आणि कॅनव्हास मानाने सोपे. लाकडाला व्हार्निश पुरतं, कॅनव्हासला जिलेटिनचा एक हात.

संगमरवर आणि चुनखडीच्या दगडाबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण यात चांगली कामं वाया जाताना दिसतात. हे दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डेव्हलपरनंतर सवयीने अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) ओतला, की व्हार्निशमधल्या बारीकशा छिद्रातून आम्ल दगडापर्यंत पोचतं, तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि इमल्शनखाली फुगे धरतात. चित्र आतून उचललं जातं. अशा दगडावर स्टॉप बाथच्या जागी साधं थंड पाणी वापरायचं. फिक्सरही आम्ल नसलेला, नुसता हायपो (सोडियम थायोसल्फेट) विरघळवून केलेला घ्यायचा. मग फिक्सरमधून मिळणारी बळकटी मिळत नाही, म्हणून उत्पादकाने सांगितलेला हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) इमल्शन लावण्याआधीच त्यात मिसळायचा.

लावण्याची पद्धत. बाटलीतलं इमल्शन जेलीसारखं थिजलेलं असतं. ते ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात भांडं ठेवून वितळवतात. पण सगळी बाटली वितळवायची नाही. लाल सेफलाइटमध्ये (इमल्शनला न बाधणाऱ्या दिव्याच्या उजेडात) लागेल तेवढी जेली प्लॅस्टिकच्या चमच्याने काढून वेगळ्या भांड्यात वितळवायची. दर वेळी तापवलं की धुकट, करडा फॉग वाढत जातो आणि बाटलीचा तळ गाठेपर्यंत पांढरा रंग पांढरा उरत नाही. भांडं काचेचं, प्लॅस्टिकचं किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलचं हवं. लोखंड, तांबं, पितळ चालत नाही, काळे ठिपके येतात. याच कारणाने पत्र्याची पट्टी असलेला ब्रश टाळून स्पंजचा ब्रश किंवा बांबूच्या दांड्याचा, दोऱ्याने बांधलेला मऊ ब्रश घ्यावा. ढवळताना सावकाश. एकदा फेस झाला की त्यातला प्रत्येक बुडबुडा नंतर पांढरं भोक होऊन चित्रात बसतो.

वस्तूही कोमट हवी, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकी. थंड दगडावर पहिल्याच फटकाऱ्यात इमल्शन थिजतं आणि नांगरटीसारखे वळ उठतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात, दुसरा पहिल्याला काटकोनात. खळग्यांवर लक्ष ठेवायचं. डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकपुडीच्या कडेला इमल्शन साचतं. तिथे ते उशिरा वाळतं, वाळताना तडकतं आणि डेव्हलप झाल्यावर डाग काळाकुट्ट पडतो. साचलेलं कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावं. पण थोडंसं मुद्दाम ठेवावं, असंही आमचं मत आहे. पापणीच्या कडेवर थर किंचित जाड राहिला, तर तिथली चांदी दाट होते आणि छायाचित्रातली पापणी व प्लास्टरमधली पापणी एकमेकींना शिवतात. हे कागदावर कधीच मिळत नाही.

पूर्ण अंधारात, पंख्याच्या मंद वाऱ्यावर १२ ते २४ तास वाळू द्यावं. वारा गरम नको. त्याच प्लास्टरचे तळहाताएवढे दोन-तीन तुकडे सोबत इमल्शन लावून ठेवावेत, टेस्ट स्ट्रिपसाठी (किती सेकंद उजेड द्यायचा ते आधी तपासायला). कागदावरची टेस्ट इथे उपयोगी पडत नाही.

एक्स्पोजर हा या साहित्याचा सर्वांत रंजक भाग, आणि सूचनापत्रकात त्यावर फार थोडं असतं. गोलाईवर प्रकाश सारखा पडत नाही. समजा, लेन्सपासून नाकाचा शेंडा ६० सेंटिमीटरवर आहे आणि कानाजवळचा भाग ७० वर. अंतराच्या वर्गाच्या नियमाने कानाजवळ सुमारे २७ टक्के कमी प्रकाश पोचतो. त्यात तो भाग ६० अंशांनी कललेला असेल, तर उरलेल्याच्याही निम्मा. म्हणजे नाकावर जेवढा प्रकाश, त्याच्या जेमतेम ३७ टक्के कानाजवळ. नाकाला २० सेकंद पुरत असतील तर कानाला साधारण ५४ लागतात. मग एकूण ५४ सेकंद द्यायचे, आणि त्यातले ३४ सेकंद मधल्या भागावर पुठ्ठ्याची कापलेली सावली हलती ठेवायची. हलती, कारण स्थिर धरली तर कडेची रेघ उमटते. त्याच ६० अंशांच्या उतारावर १ सेंटिमीटरची प्रतिमा ताणून २ सेंटिमीटर होते. हा ताण दोष मानायचा की चित्राचा भाग, हे ज्याने त्याने ठरवायचं. चेहऱ्यावर चेहराच टाकला तर ओढलेले गाल खटकतात. झाडाची साल, पाणी, अक्षरं टाकली तर तोच ताण शिल्पाला गती देतो.

फोकस उंचवट्यावर न करता, एकूण खोलीच्या वरून एक-तृतीयांशावर करायचा आणि लेन्सचं छिद्र एफ १६ पर्यंत लहान करायचं. प्रतिमा जुळवायला एन्लार्जरचा लाल फिल्टर आडवा घेता येतो, पण त्या उजेडातही फार वेळ रेंगाळू नये. त्यापेक्षा त्याच साच्यातून दोन नग काढावेत. कोऱ्या नगावर सगळं जुळवायचं, खाली पाटावर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि मग अंधारात इमल्शनचा नग त्या खुणांवर ठेवायचा.

डेव्हलपर कागदाचाच, पण तापमान २० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. कोमट रसायनात जिलेटिन फुगतं आणि कडांना झालर धरते. शिल्प ट्रेमध्ये मावत नाही तेव्हा रिकाम्या ट्रेमध्ये ठेवून वरून मगाने डेव्हलपर सतत ओतत राहायचं, किंवा मऊ स्पंज पिळत, न घासता. दोन ते तीन मिनिटं. एका जागी ओतून थांबलं की ओघळाच्या पांढऱ्या-काळ्या वाटा पडतात, त्या नंतर जात नाहीत. फिक्सर हार्डनिंगचा घ्यावा, अर्थात वर सांगितलेले दगड सोडून. पांढरे भाग दुधट दिसायचे थांबले की तेवढाच वेळ आणखी. मग थंड पाण्याच्या हलक्या धारेखाली अर्धा तास. धार थेट चित्रावर नको, बाजूने. ओल्या इमल्शनला बोट लावलं तर बोटाचा ठसा कायमचा राहतो.

सायनोटाइपशी, म्हणजे निळी छायाचित्रं देणाऱ्या जुन्या पद्धतीशी, तुलना व्हायलाच हवी. स्वस्त, साधी, १८४२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही पद्धत सूर्यप्रकाशात चालते आणि डार्करूम लागत नाही. पण तिला निगेटिव्ह पृष्ठभागाला चिकटून लागते आणि गोल गालावर सपाट फिल्म बसत नाही. शिवाय सिमेंटसारख्या अल्कली पृष्ठभागावर तिचा निळा रंग फिकट पिवळा पडत जातो. सपाट प्लास्टरच्या पाटीवर पानांचे, जाळीचे ठसे घ्यायचे असतील तर सायनोटाइपच घ्यावी, लिक्विड इमल्शनवर पैसे घालवू नयेत. गोलाई आणि खोली असेल, तिथेच या बाटलीची किंमत वसूल होते.

छायाचित्र आणि शिल्प एकत्र आणण्याचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकी कलाकार रॉबर्ट हाइनेकन यांनी १९६०च्या दशकात लाकडी ठोकळ्यांवर छायाचित्रं चिकटवून फिरवता येणारी शिल्पं केली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिथले क्युरेटर पीटर बनेल यांनी याच विषयावर प्रदर्शन मांडलं. ठोकळा फिरवला की देह तुटतो आणि पुन्हा जुळतो, ही हाइनेकन यांची कल्पना आजही ताजी आहे. तेच ठोकळे इमल्शनने करून पाहावेत. सपाट बाजू, सारखं अंतर, एक्स्पोजरचा घोळ नाही. पहिलं काम म्हणून आम्ही चेहऱ्याऐवजी हेच सुचवू.

काळजीच्या गोष्टी थोडक्यात. डेव्हलपरने कातडीला अ‍ॅलर्जी येऊ शकते, हातमोजे घालावेत. व्हार्निश लावताना आणि रसायनं हाताळताना खोलीत हवा खेळती हवी. भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत न ओतता साठवून योग्य ठिकाणी द्यावा.

बाटली फ्रिजमध्ये राहते, फ्रीझरमध्ये कधीही नाही, गोठलं की इमल्शन फुटतं. झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. जुन्या बाटलीची परीक्षा सोपी आहे. एक छोटा तुकडा रंगवून वाळवायचा आणि उजेड न दाखवता सरळ डेव्हलप करून फिक्स करायचा. पांढरा राहिला तर बाटली चांगली. करडा झाला तर ती फक्त गडद, रात्रीच्या चित्रांसाठी ठेवावी. बारीक टोन हवे असतील तिथे नवीनच उघडावी.